लिनक्सची ताजी आयएसओ कुठून घ्यायची, कशी घ्यायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या काही महिन्यांत आलेली पत्रं काढून बघितली तर निम्मी तरी एकाच विषयावरची निघाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, ज्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही ते लोक लिनक्स ह्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडं वळायलेत, आणि वळताना पहिली ठेच लागते ती कुणीतरी हौसेनं दिलेल्या जुन्या पेन ड्राइव्हची. म्हणून ह्या वेळी बाकीचे प्रश्न मागं ठेवून सगळी जागा ताज्या आयएसओला, म्हणजे लिनक्स ज्या फायलीतून इन्स्टॉल होतं तिला, दिली.

प्रश्न: ताई नमस्कार. मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. लोकवर्गणीतून उभी केलेली लॅब आहे, १२ कॉम्प्युटर, सगळे ४ जीबी रॅमचे. ओळखीच्या एका मुलानं उबुंटूचा पेन ड्राइव्ह दिला, त्यावर २३.०४ लिहिलेलं होतं. दोन कॉम्प्युटरवर टाकलं, झकास चालू झालं, पण आता काहीही इन्स्टॉल करायला गेलं की ४०४ नॉट फाउंड येतं. इंटरनेट तर आहे, यूट्यूब चालतं. आमचं कुठं चुकलं काही कळंना. बाकीच्या दहाचं काय करावं?

उत्तर: सर, तुमचं काही चुकलं नाही, पेन ड्राइव्ह शिळा होता. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार, त्याच्या आकड्यातच तारीख असते, २३.०४ म्हणजे २०२३ चा एप्रिल. उबुंटूत दोन प्रकार येतात, एक एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची, जी दर दोन वर्षांनी सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघते, २०.०४, २२.०४, २४.०४ अशी, तिला ५ वर्षं अपडेट मिळतात, आणि दुसऱ्या मधल्यामधल्या, त्यांना फक्त ९ महिने. २३.०४ चे ९ महिने जानेवारी २०२४ मध्येच संपले. मुदत संपली की तिची सगळी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामच्या फायली, मुख्य सर्व्हरवरून उचलून जुन्या रिलीजच्या वेगळ्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात, तुमचा कॉम्प्युटर मात्र जुन्याच घराचं दार वाजवत बसतो आणि तिथं आता कुणी राहत नाही, म्हणून ते ४०४. पत्ता बदलून ते चालू करता येतं पण तसं करू नका, कारण पॅकेजं मिळाली तरी सिक्युरिटीच्या दुरुस्त्या काही येणार नाहीत, आणि त्या कॉम्प्युटरवर लेकरं बसणार आहेत.

ते दोन पण पुसा आणि बाराच्या बारांवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. ४ जीबी रॅमला उबुंटूचा मुख्य डेस्कटॉप जड जातो, एक्सएफसीई हलका आहे. मिंटची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वरच बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे लॅब लावून दिली की काही वर्षं त्या बाजूनं घोर नाही.

आता मूळ मुद्दा, जो पेन ड्राइव्ह देणाऱ्या त्या मुलाला पण सांगा. आयएसओ म्हणजे ज्या दिवशी ती बांधली त्या दिवशीची सगळी पॅकेजं एका फायलीत बंद केलेली असतात. फाइल तिथंच थांबते, बाहेर मात्र रोज दुरुस्त्या चालू असतात, त्यामुळं आयएसओ जितकी जुनी तितकं इन्स्टॉल झाल्यावर अपडेटचं ओझं जास्त. हे ओझं कमी करायला डिस्ट्रो (उबुंटू, मिंट, डेबियन असे लिनक्सचे प्रकार) वाले अधूनमधून तीच आवृत्ती, तोवरच्या सगळ्या दुरुस्त्या आत घालून, परत बांधतात, त्याला पॉइंट रिलीज म्हणतात. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, मग २४.०४.१ ऑगस्ट २०२४, २४.०४.२ फेब्रुवारी २०२५, २४.०४.३ ऑगस्ट २०२५. मिंटचं पण तसंच, २२, मग २२.१, मग २२.२. तुम्ही डाउनलोड कराल त्या दिवशी मूळ साइटवर शेवटचा आकडा सगळ्यात मोठा कुठला आहे तेवढं बघा आणि तीच घ्या. मृगाच्या तोंडावर सोयाबीनची बॅग घेताना आपल्याकडचा माणूस आधी टॅग बघतो, लॉट बघतो, मुदत बघतो आणि मगच खिशात हात घालतो, तसंच इथं करायचं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ज्यांनी आधीच २४.०४ टाकलेली आहे आणि जे नेहमीचे अपडेट घेतात त्यांना २४.०४.३ साठी परत इन्स्टॉल करायची काही गरज नाही, ते अपडेट घेत घेत तिथंच पोचतात. डेबियन वाले तर प्रत्येक पॉइंट रिलीजच्या घोषणेत जुनी डिस्क फेकू नका, इन्स्टॉल करून अपडेट घ्या, असं आवर्जून लिहितात. नवीन आयएसओ लागते ती नवीन कॉम्प्युटरवर टाकताना.

राहिला १२ कॉम्प्युटरच्या अपडेटचा डेटा. ताजी आयएसओ घेतली तरी थोडे अपडेट येतातच, वर मराठी फॉन्ट आलं, लिब्रेऑफिस आलं, लेकरांचं जीकॉम्प्री आलं, आणि तेच पॅकेज बारा वेळा उतरवायचं म्हणजे शाळेचा डेटा दोन दिवसांत खलास. ह्यावर एप्ट-कॅशर-एनजी नावाचा प्रोग्राम आहे, तो एका कॉम्प्युटरवर टाका आणि बाकीच्या अकरांना प्रॉक्सी म्हणून त्या कॉम्प्युटरचा आयपी आणि ३१४२ हा पोर्ट द्या. पहिल्यानं पॅकेज मागितलं की ते बाहेरून येतं आणि तिथं साठतं, पुढच्या अकरांना ते लॅबमधल्या वायरीवरूनच मिळतं. मी उदगीरकडच्या एका शाळेत हे लावून दिलं तेव्हा पहिल्या कॉम्प्युटरला वेळ लागला, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होतो आम्ही, पण बाकीचे भराभर झाले आणि त्या बाईंचा डेटा शिल्लक राहिला. फक्त मिररचा, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या सर्व्हरचा, पत्ता साधा एचटीटीपी ठेवा, एचटीटीपीएस असला की मधे साठवता येत नाही. साध्या एचटीटीपीला घाबरू नका, पॅकेजच्या यादीवर डिस्ट्रोची सही असते आणि वाटेत कुणी पॅकेज बदललं तर एप्ट, म्हणजे पॅकेजं इन्स्टॉल करणारा प्रोग्राम, ते घेतच नाही.

प्रश्न: हिंगोली जिल्ह्यातून लिहितोय. माझं सेवा केंद्र आहे. आयएसओ डाउनलोडला लावली की कधी लाइट जाते, कधी रेंज जाते, आणि ९० टक्क्यांवर आलेली फाइल परत शून्यापासून. रोजचा दीड जीबी डेटा. कशी उतरवायची सांगा, चार वेळा झालं असं.

उत्तर: दादा, ब्राउझरमधून उतरवूच नका. टोरंट घ्या. डेबियन, उबुंटू, मिंट ह्या तिघांच्याही मूळ साइटवर टोरंटची लिंक दिलेली असते आणि हे टोरंट पूर्ण कायदेशीर आहे, सिनेमाचं जे चालतं त्याचा इथं संबंध नाही. टोरंट फाइल तुकड्या-तुकड्यात आणतं, प्रत्येक तुकडा तपासून घेतं, लाइट गेली तर आलेले तुकडे तसेच राहतात, रात्री १२ नंतर नवीन डेटा चालू झाला की परत लावा, दोन-चार दिवसांत आयएसओ पूर्ण. टोरंट नको असेल तर डब्ल्यूगेट ह्या डाउनलोडच्या कमांडला मायनस सी हा पर्याय लावला की तुटलेलं डाउनलोड जिथं थांबलं तिथूनच पुढं जातं.

दुसरी गोष्ट, एवढी मोठी फाइल लागतेच का ते बघा. उबुंटूची ६ जीबीच्या घरात जाते, मिंट एक्सएफसीई ३ जीबीच्या आसपास, आणि डेबियनची नेटइन्स्ट एक जीबीच्या आत. नेटइन्स्टमध्ये फक्त इन्स्टॉलर आणि पाया असतो, बाकी सगळं इन्स्टॉल करतानाच मिररवरून येतं, आणि ते त्या दिवशीचं ताजं येतं, म्हणून तिथं आयएसओ थोडी जुनी असली तरी तयार झालेली सिस्टिम जुनी नसते. पण इन्स्टॉल चालू असताना नेट सलग टिकलं पाहिजे. तुमच्याकडं लाइटचं जे चालू आहे ते बघता, एकच कॉम्प्युटर असेल आणि इन्व्हर्टर असेल तर नेटइन्स्ट, नाहीतर टोरंटनं पूर्ण आयएसओ.

डेबियनच्या डीव्हीडी वापरणाऱ्यांसाठी जिगडो नावाची सोय पण आहे. जुनी डीव्हीडी समोर ठेवली की जी पॅकेजं बदललेली नाहीत ती तिच्यातून घेतो, बदललेली तेवढीच मिररवरून आणतो आणि नवीन इमेज जोडून देतो. वापरणारे कमी आहेत, पण मोजून-मापून डेटा असलेल्या माणसाला ती मोठी सोय आहे.

प्रश्न: मॅडम, मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवीन लॅपटॉप घेतला, सिनियरनं दिलेली डेबियन ११ टाकली तर वायफायच दिसेना. रूममेट म्हणतो डेली बिल्ड घे, रोजच्या रोज बनते, सगळ्यात लेटेस्ट. घेऊ का?

उत्तर: नको. आधी वायफाय का दिसेना ते बघू. वायफायच्या चिपला फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लागतं आणि ते मुक्त सॉफ्टवेअर नसल्यानं डेबियन ११ पर्यंत अधिकृत आयएसओत नसायचंच, वेगळी अनधिकृत इमेज शोधावी लागायची. ह्यावर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान केलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत आयएसओत यायला लागलं. दुसरं कारण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. नवीन लॅपटॉपचं हार्डवेअर जुन्या कर्नलला ओळखीचंच नसतं. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ होता, ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. म्हणजे तुला डेली नको, १३ ची सगळ्यात अलीकडची पॉइंट रिलीज पाहिजे. उबुंटूत पण असंच, २४.०४ ची पहिली आयएसओ ६.८ कर्नलवर होती आणि २४.०४.३ ची ६.१४ वर, नाव तेच पण नवीन लॅपटॉपसाठी फरक मोठा. तोवर वायफाय नसलं तरी फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू कर, इन्स्टॉलरला ते वायरचं नेट दिसतं आणि बहुतेक वेळा काम भागतं.

आता डेली का नको. ताजी आणि कच्ची ह्यात फरक आहे रे. डेली बिल्ड ही तपासणाऱ्यांसाठी असते, ती आज बूट होईल उद्या होणार नाही, आणि ती तपासून चुका कळवायच्या असतील तर जरूर घे, जास्तीच्या जुन्या मशीनवर. परीक्षेच्या सबमिशनचा लॅपटॉप त्यावर ठेवू नको.

दोन गोष्टी सांगते, दोन्ही खऱ्या आणि दोन्ही अलीकडच्या. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड ह्या पोस्टग्रेस डेटाबेस वाल्या डेव्हलपरनं जाहीर केलं की एक्सझेड ह्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमध्ये, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, कुणीतरी मुद्दाम चोरदार बसवलंय. त्याला संशय आला तो एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची सोय) लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागायला लागला म्हणून. ते पॅकेज तोवर कुठं पोचलं होतं? जे सगळ्यात ताजे होते तिथं, डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल ह्या कच्च्या शाखांमध्ये, आर्च ह्या डिस्ट्रोच्या १ मार्च २०२४ च्या आयएसओत. डेबियन स्टेबल, म्हणजे पक्की शाखा, वापरणाऱ्यांपर्यंत ते आलंच नाही. उबुंटूनं तर २४.०४ चा बीटा आठवडाभर पुढं ढकलून ते चोरदार आल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजं नव्यानं बांधली.

दुसरी गोष्ट स्टेबलचीच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ ची आयएसओ निघणार होती, शेवटच्या क्षणी कळलं की तिच्यातल्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ ह्या फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब होऊ शकेल अशी चूक आहे. त्यांनी १२.३ च्या इमेज थांबवल्या आणि लगेच १० डिसेंबरला थेट १२.४ काढली. मला ह्या लोकांबद्दल फार आदर वाटतो, पगार नाही, कुणी विचारणारं नाही, तरी शनिवार-रविवार जागून लाखो लोकांचा डेटा वाचवला. स्टेबलची पॉइंट रिलीज घ्यायची म्हणजे ह्या जागणाऱ्या माणसांच्या हाताखालून गेलेली आयएसओ घ्यायची.

प्रश्न: जालन्यात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. एकच पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं वापरत होतो, आता काही लॅपटॉपवर तो लावला की शिम एसबीएटी, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं काहीतरी येऊन बंद पडतं. पेन ड्राइव्ह खराब झाला का?

उत्तर: भाऊ, पेन ड्राइव्ह चांगला आहे, त्यातला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, जुना झाला. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर लिनक्स शिम नावाच्या छोट्या प्रोग्राममधून सुरू होतं. जुन्या शिममध्ये किंवा ग्रब ह्या बूटलोडरमध्ये त्रुटी सापडल्या की त्यांना नापास करायची जी पद्धत आहे तिचं नाव एसबीएटी. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जुन्यांना नापास करणारी यादी मशीनमध्येच लिहून टाकली, म्हणून ज्या लॅपटॉपवर तो अपडेट आला तिथं जुना पेन ड्राइव्ह अडतो. उपाय ताजी आयएसओ. गिऱ्हाइकाच्या मशीनवर सिक्युअर बूट बंद करायची घाई करू नका, विंडोज पण असेल आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर पुढच्या वेळी ते रिकव्हरी की मागतं, आणि ती की गिऱ्हाइकाला माहीत नसते. दुकानात व्हेंटॉय वापरा, पेन ड्राइव्ह एकदाच तयार करायचा, मग आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या, जुनी डिलीट करून नवीन टाकायला दोन मिनिटं. व्हेंटॉय पण अधूनमधून नवीन करून घ्या.

प्रश्न: नांदेडहून. आर्च टाकताना प्रत्येक पॅकेजला सही चुकीची म्हणून एरर. आयएसओ मागच्या वर्षीची आहे.

उत्तर: आर्चची आयएसओ दर महिन्याच्या १ तारखेला नवीन निघते, तुमच्याकडं वर्षाची शिळी आहे. पॅकेजं नवीन, त्यावर सह्या करणारे काही जण पण नवीन, आणि त्यांच्या किल्ल्या तुमच्या जुन्या आयएसओला ठाऊक नाहीत. आर्चलिनक्स-कीरिंग हे पॅकेज आधी अपडेट केलं तर बऱ्याचदा सुटतं, पण सरळ ह्या महिन्याची घ्या. सही तपासणं बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

प्रश्न: बीडहून नमस्कार ताई. तुम्ही प्रत्येक वेळी चेकसम बघा म्हणता. खरं सांगा, कोण बघतं? आणि मूळ साइटवरून घेतल्यावर गरज काय?

उत्तर: मूळ साइटवरून घेतल्यावरच गरज आहे, म्हणून ऐका. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या स्वतःच्या साइटमध्ये कुणीतरी घुसलं आणि मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून बल्गेरियातल्या एका सर्व्हरवर वळवली, तिथं चोरदार बसवलेली आयएसओ ठेवलेली होती. त्या दिवशी ज्यांनी उतरवली त्यांनी मूळ साइटवरूनच उतरवली होती. खऱ्या आयएसओच्या बेरजेशी, म्हणजे चेकसमशी, जुळवून बघितलं असतं तर लगेच फरक दिसला असता.

ही बेरीज म्हणजे एसएचए-२५६, आयएसओतला एक अक्षराएवढा जरी बदल झाला तरी आकडा पूर्ण बदलतो. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून काढता येतो, लिनक्सवर त्याची कमांड असतेच, साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवायचा, मिनिटाचं काम. अर्धवट उतरलेली फाइल पण ह्यातच सापडते, आणि खरं म्हणजे रोजच्या कामात तीच जास्त सापडते, इन्स्टॉल मधेच अडकलं असं सांगत जे येतात त्यांच्यापैकी कितीतरी जणांची आयएसओच धड उतरलेली नसते.

आता तुमच्या मनात येईल की साइटमध्ये घुसलेला माणूस तिथला आकडा पण बदलेल की. बरोबर. म्हणून त्या आकड्यांच्या फायलीवर डिस्ट्रोची जीपीजी, म्हणजे डिजिटल, सही असते, आणि सहीची गुप्त किल्ली त्या साइटवर ठेवलेली नसते. घरच्या एका कॉम्प्युटरला नुसती बेरीज चालून जाईल, पण जो माणूस शाळेला, ग्रंथालयाला, दहा जणांना पेन ड्राइव्ह भरून देतो त्यानं सही तपासलीच पाहिजे. लोक त्याच्या भरवशावर पुढं वाटतात.

प्रश्न: मॅडम मी किनवट तालुक्यातल्या तांड्यावरची आहे, बारावीला. दादानं जुना कॉम्प्युटर आणला. आमच्याकडं रेंजच नाही, टेकडीवर गेलं तर फोन लागतो. मला लिनक्स शिकायचंय. ताजी आयएसओ मला कशी मिळणार?

उत्तर: मिळणार. तुझ्यासाठी नेटइन्स्ट नाही, डेबियनची डीव्हीडी-१ ही इमेज. ४ जीबीच्या आसपास आहे, तिच्यात डेस्कटॉप आणि रोजची कामाची बरीच पॅकेजं आतच असतात, नेट अजिबात नसताना पूर्ण इन्स्टॉल होतं.

त्यानंतरच्या अपडेटसाठी एप्ट-ऑफलाइन नावाचा प्रोग्राम आहे. तो आपल्या देशातल्याच एका डेबियन डेव्हलपरनं लिहिलेला आहे, आणि तुझ्यासारख्यांसाठीच लिहिलेला आहे. तो तुझ्या कॉम्प्युटरवर एक छोटी फाइल बनवतो, तिच्यात मला काय काय पाहिजे ह्याची यादी असते. ती पेन ड्राइव्हवर घे, बाजाराच्या दिवशी किनवटला जाशील तेव्हा नेट असलेल्या कुणाच्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम चालवून यादीतलं सगळं उतरवून घे, त्याची एकच झिप होते, घरी येऊन ती इन्स्टॉल कर. महिन्यातून एकदा केलंस तरी पुरे. एप्ट-ऑफलाइन डीव्हीडीवर सापडलं नाही तर त्याची डेब फाइल वेगळी लागेल, ती मी देते.

३२ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी डीव्हीडी-१ ची अलीकडची इमेज टाकून, सही तपासून परत पाठवते. एसएचए-२५६ चा आकडा मात्र माझ्या चिठ्ठीतून घेऊ नको, टेकडीवर जाऊन डेबियनच्या साइटवरून फोनमध्ये उतरवून घे आणि पेन ड्राइव्ह आला की तू स्वतः जुळवून बघ.